चॅप्टर १४ ला अडकते

लायब्ररीतून आणलेल्या डीव्हीडीच्या डबीत परवा एक चिठ्ठी निघाली. वहीच्या पानाचा फाडलेला कोपरा आणि त्यावर निळ्या बॉलपेनने लिहिलेलं, ‘चॅप्टर १४ ला अडकते. १५ पासून लावा.’ खाली नाव नाही, तारीख नाही. कुणीतरी ही डिस्क घरी नेली असणार, पिक्चर ऐन रंगात आलेला असताना तो थिजला असणार, त्या माणसाने रिमोटशी बराच वेळ झटापट करून वाट काढली असणार. आणि मग डबी परत देण्याआधी उठून कागद-पेन शोधलं, ते पुढे नेणाऱ्यासाठी. त्या चिठ्ठीने मला फार बरं वाटलं. ती मी परत डबीत ठेवली आणि डिस्क दिव्याखाली धरली.

बाहेरच्या कडेजवळ एक चरा होता. बोटाच्या पेराएवढा, आणि डिस्कच्या गोलाईच्या दिशेने गेलेला. चऱ्यांमध्येही प्रकार असतात. मधल्या भोकापासून कडेकडे गेलेला चरा दिसायला भयंकर असला तरी प्लेअर सहसा निभावून नेतो, कारण लेझर तो झटकन ओलांडतो आणि तेवढ्यात जे हुकलं ते चूक दुरुस्त करणारी यंत्रणा भरून काढते. गोलाईने गेलेला चरा वाईट. तिथे लेझर चऱ्याच्या सोबतीनेच चालत राहतो आणि सलग मजकूर हातचा जातो. म्हणून डिस्क पुसायची ती मधून कडेकडे, गोल गोल कधीच नाही. चरा नेमका चॅप्टर १४ वर का आला असेल, तेही मग लक्षात आलं. दोन थरांच्या डीव्हीडीत पिक्चर असेल तर पहिला थर आतून बाहेर वाचला जातो आणि दुसरा बहुतेक वेळा बाहेरून आत. म्हणजे पिक्चरचा मधला भाग येतो तो थेट कडेपाशी, जिथे सगळ्यांची बोटं लागतात.

मी आयुष्यात जेवढे पिक्चर डिस्कवर पाहिले, त्यातले बहुतेक भाड्याच्या किंवा मागून आणलेल्या डिस्कवर पाहिले. विकत घेतलेल्या डिस्क एका फळीवर मावतील. आणि तरीही पहिला एचडी प्लेअर निवडताना ही एवढी उघड गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. हा लेख खरं तर त्याबद्दल आहे.

ते वर्ष २००७. एचडी डिस्कचे दोन प्रकार एकमेकांसमोर उभे होते. एचडी डीव्हीडीचे प्लेअर २००६ च्या मार्च-एप्रिलमध्ये आले, तोशिबाचे. जूनमध्ये सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर आला आणि नोव्हेंबरमध्ये सोनीचा प्लेस्टेशन ३, म्हणजे गेमचं यंत्र, ज्यात ब्लू-रे आपसूकच होता. एकाच्या डिस्क दुसऱ्यात चालत नव्हत्या. एलजीने दोन्ही वाचणारा एक प्लेअर काढला होता, पण तो ऐपतीबाहेरचा. मी एक दोनशे पानी वही केली. डाव्या पानावर एक, उजव्या पानावर दुसरा.

बाबांनी त्या वहीत डोकावून विचारलं होतं, “अगं, दोन्ही चकत्या दिसायला सारख्याच. मग भांडण कसलं?”

भांडण होतं टोकाचं. अक्षरशः टोकाचं. बोरूने लिहिलं तर पानावर दहा ओळी मावतात, बारीक पेनाने लिहिलं तर तीस. डिस्कही तशीच. सीडी वाचणारा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा लाल लेझर ६५० चा आणि या दोन्ही नव्या डिस्कचा जांभळट निळा लेझर ४०५ चा. तरंगलांबी जितकी कमी, तितका प्रकाशाचा ठिपका बारीक करता येतो आणि तितक्या ओळी दाट बसवता येतात. सीडीवरच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर, डीव्हीडीवर ०.७४, ब्लू-रेवर ०.३२. तिन्ही चकत्या बारा सेंटीमीटरच्याच. पण त्यांच्यावरचा तो एकसलग चक्राकार माग उलगडून सरळ केला, तर सीडीचा भरतो साधारण पाच किलोमीटर, डीव्हीडीचा जवळजवळ बारा आणि ब्लू-रेच्या एका थराचा सत्तावीस. हा हिशेब मी स्वतः कागदावर मांडून पाहिला होता आणि आकडा बघून डिस्क हातात घेतली होती. तळहातावर सत्तावीस किलोमीटर.

हा निळा प्रकाश सहज मिळालेला नाही. लाल एलईडी साठच्या दशकात आला, पण पुरेसा प्रखर निळा यायला नव्वदचं दशक उजाडावं लागलं. जपानमध्ये इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइड नावाच्या हट्टी पदार्थाचे नीट स्फटिक वाढवायला वर्षानुवर्षं घालवली. नाकामुरा तर निचिया नावाच्या, तेव्हा फारशा कुणाला माहीत नसलेल्या कंपनीत काम करत होते. निळ्या एलईडीपाठोपाठ त्याच पदार्थातून हा लेझर आला. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. त्या दिवशी मी बाबांना फोन करून सांगितलं होतं की आपल्या प्लेअरमधल्या दिव्याला नोबेल मिळालं. दिवा एलईडी आणि प्लेअरमधला लेझर, हा फरक मला माहीत होता, तरी आनंद तोच होता.

तर लेझर दोघांचा एकच. फरक होता मजकूर पृष्ठभागापासून किती खोल ठेवायचा यात. एचडी डीव्हीडीने डीव्हीडीचीच ०.६ मिलिमीटर खोली ठेवली, त्यामुळे जुन्या कारखान्यांत थोडे बदल करून डिस्क काढता येत होत्या. ब्लू-रेने मजकूर ०.१ मिलिमीटरवर आणला. ठिपका आणखी बारीक झाला, एका थरात २५ जीबी मावू लागले, एचडी डीव्हीडीत १५ मावत. पण मजकूर इतका वर आला की साध्या ओरखड्यानेही धोका. २००३ मध्ये जपानमध्ये आलेल्या पहिल्या ब्लू-रे रेकॉर्डरच्या डिस्क म्हणूनच प्लास्टिकच्या बंद खोक्यात असत. पुढे डिस्कवर कडक लेप द्यायचं तंत्र आलं आणि खोकं गेलं. हा लेप खरोखर चांगला आहे. लायब्ररीतल्या ब्लू-रे डिस्क डीव्हीडींपेक्षा कितीतरी स्वच्छ दिसतात. पण लेप भेदून चरा आत गेला, तर इलाज नाही. डीव्हीडीचा चरा घासून, पॉलिश करून काढता येतो, कारण खाली घासायला प्लास्टिक असतं. ब्लू-रेत ते नसतंच.

माझ्या वहीतली पानं मात्र एचडी डीव्हीडीच्या बाजूने भरत गेली. तिच्या प्रत्येक प्लेअरला पहिल्या दिवसापासून नेटवर्कची जोडणी होती, चित्रात चित्र दाखवायची सोय होती. ब्लू-रेत आधी प्रोफाइल १.०, मग १.१, मग २.० असे टप्पे, आणि आज घेतलेला प्लेअर उद्याच्या टप्प्याला जाईलच याची खात्री नाही. एचडी डीव्हीडीला प्रदेशाचं कुलूप नव्हतं. ब्लू-रेने जगाचे तीन तुकडे केले होते: अमेरिका, जपान आणि आग्नेय आशिया ए मध्ये, युरोप, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया बी मध्ये, भारत, चीन, रशिया सी मध्ये. एकीकडची डिस्क दुसरीकडच्या प्लेअरने नाकारावी, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. चित्र दोन्हींत १९२० बाय १०८०, चित्राची माहिती दाबून कमी जागेत बसवण्याची तंत्रंही तीच. शेजारी शेजारी ठेवून बघितलं तरी मला फरक दिसला नाही. मी एचडी डीव्हीडी घेतली. वहीत लिहिलेलं एकही वाक्य चूक नव्हतं.

पण वहीत एक रकाना नव्हता: डिस्क कुठून येणार?

त्याचं उत्तर २००८ च्या सुरुवातीच्या सात आठवड्यांत मिळालं. ४ जानेवारीला वॉर्नर ब्रदर्सने यापुढे फक्त ब्लू-रे काढणार असल्याचं जाहीर केलं. ११ फेब्रुवारीला पोस्टाने डिस्क भाड्याने देणाऱ्या नेटफ्लिक्सने सांगितलं की एचडी डीव्हीडी हळूहळू बंद करणार. १५ ला वॉलमार्ट या अमेरिकेतल्या दुकानांच्या साखळीनेही तेच सांगितलं. १९ ला खुद्द तोशिबाने हात टेकले. मी ज्या भाड्याच्या सेवेची वर्गणी भरत होते, तिथल्या माझ्या यादीतली नावं त्यानंतर एकेक करून नाहीशी व्हायला लागली. यादीत ३१ पिक्चर होते. एका सकाळी २६, पुढच्या आठवड्यात १९. प्लेअर माझ्या घरात सुखरूप होता, दिवा लागत होता, ट्रे उघडत होता. त्याला घालायला काही उरत नव्हतं. स्पर्धेत कोण हरलं याचं मला सोयरसुतक नव्हतं. ती यादी आटताना बघणं मात्र जिव्हारी लागलं.

बाबांनी तेव्हा साधं विचारलं, “त्यात साधी डीव्हीडी लागते का?”

लागत होती, आणि फार सुरेख लागत होती. पाल (PAL) या भारत-युरोपातल्या टीव्हीच्या पद्धतीच्या डीव्हीडीवर ७२० बाय ५७६ ठिपके असतात. गुणून बघा, १९२० बाय १०८० म्हणजे त्याच्या बरोबर पाचपट. म्हणजे एचडी टीव्हीवर डीव्हीडी लावली की पाचातले चार ठिपके प्लेअरने किंवा टीव्हीने अंदाजाने भरलेले असतात. हा अंदाज कोण किती समजुतीने बांधतो, यात प्लेअर-प्लेअरमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. स्वस्तातला प्लेअर माणसाच्या भुवया चिखलासारख्या करतो, तिरप्या तारांना पायऱ्या पाडतो. माझा हरलेला प्लेअर भुवईचा केस न् केस सांभाळायचा. बाबांना आकडे कळत नसत, पण पावसाचं दृश्य आलं की म्हणत, “यात थेंब वेगळे दिसतात.” पाऊस ही परीक्षा मी त्यांच्याकडूनच घेतली. कुठलाही प्लेअर बघायचा झाला की मी पाऊस असलेला पिक्चर लावते.

भाड्याने डिस्क मिळवायचे मार्गही तोवर बरेच बदलत गेले होते, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. दुकानात माणूस असायचा. तुम्ही मागच्या वेळी काय नेलं ते त्याला आठवायचं, आणि तुमची आवड बघून तो मागच्या फळीवरची एखादी डबी काढून समोर ठेवायचा. उशिराचा दंड बसायचा, हे खरंच. पण त्या दंडाच्या धाकाने पिक्चर बघूनही व्हायचा. रस्त्यावरच्या डिस्क देणाऱ्या पेटीला माणूस नव्हता आणि जागाही थोडी. तिच्यात नवे पिक्चर भरपूर, जुन्याचं नाव नको. पोस्टाची गोष्ट सगळ्यात सुंदर. व्हिडिओ कॅसेट टपालाने पाठवायला जड आणि महाग. डिस्कचं वजन जेमतेम सोळा ग्रॅम, पातळ, साध्या पाकिटात मावणारी. रीड हेस्टिंग्ज आणि मार्क रँडॉल्फ यांनी सुरुवातीला एक सीडी पाकिटात घालून टपालपेटीत टाकून पाहिली, ती धड पोहोचली, आणि १९९८ मध्ये नेटफ्लिक्स सुरू झाली. अमेरिकेत हे जमलं त्यामागे तिथला कायदाही आहे. विकत घेतलेली प्रत तुमची, ती तुम्ही विका किंवा पिक्चर असेल तर भाड्याने द्या, निर्मात्याला विचारायची गरज नाही. युरोपात १९९२ च्या निर्देशापासून भाड्याने देण्याचा हक्क निर्मात्यांनी राखून ठेवलेला आहे, त्यामुळे तिथे दुकानदाराला परवानगी लागते. एकाच डिस्कचा प्रवास कुठे सोपा आणि कुठे अवघड, ते असं ठरतं.

पोस्टाने येणाऱ्या डिस्कचं माझं एक दुःख आहे. मधल्या भोकाभोवती केसाएवढी भेग पडलेली डिस्क यायची. वाटेत वर्गीकरणाच्या यंत्रात पाकीट वाकलं की तिथेच ताण येतो. अशी डिस्क लावू नये. वेगाने फिरताना ती प्लेअरमध्येच फुटू शकते. मी नखाने भोकाची कड चाचपून बघते, अजूनही, प्रत्येक वेळी.

दुसरा प्लेअर ब्लू-रेचा घेतला तेव्हा रकाना आधी भरला. जवळच्या लायब्ररीत काय आहे, पोस्टाने काय मिळतं, घरात काय आहे. तरी एक गोष्ट अंगावर आलीच. शुक्रवारी नवी डिस्क आली, बाबा दुपारपासून तयारीत, आणि पडद्यावर ओळ आली की ही डिस्क चालवायला फर्मवेअर, म्हणजे प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअर, बदला. ब्लू-रेची कुलूपं आणि तिच्यावरचे छोटे जावा प्रोग्रॅम बदलत राहतात, प्लेअरला ते समजावून द्यावे लागतात. आमच्या प्लेअरला तेव्हा नेटचं कनेक्शन नव्हतं. कंपनीच्या साइटवरून फाइल उतरवायची, सीडीवर चढवायची, प्लेअरला पाजायची. पहिली सीडी त्याने ओळखली नाही. शनिवार त्यातच गेला. रविवारी रात्री पिक्चर लागला आणि सोमवारी डिस्क परत टाकायची होती. आपली डिस्क असती तर आठवड्याने बघितली असती. भाड्याच्या डिस्कला तेवढा धीर नसतो. तेव्हापासून कुणी विचारलं तर मी आधी हेच सांगते: तुम्ही डिस्क मागून आणणार असाल, तर प्लेअर चटकन सुरू होणारा, नेटला जोडलेला आणि ज्याची कंपनी अजून फर्मवेअर काढते असा घ्या. आवाजाचे आणि रंगाचे बाकीचे कौतुकाचे मुद्दे त्यानंतर.

कारण चित्राबाबत आता भांडायला फारसं उरलेलं नाही. २०१६ पासून ४के ब्लू-रे आहे. ३८४० बाय २१६० ठिपके, ५०, ६६ किंवा १०० जीबीच्या डिस्क, आणि आनंदाची गोष्ट म्हणजे तिला प्रदेशाचं कुलूप नाही. पण साध्या ब्लू-रेचंही चित्र अजून मन भरून टाकतं. तिला चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत मोकळीक आहे. स्ट्रीमिंगला तेवढी चैन परवडत नाही, आणि ते अंधारात कळतं: रात्रीच्या आभाळात काळ्या रंगाच्या पट्ट्या दिसायला लागतात. बनवणारे मात्र पांगले. ओप्पोने २०१८ मध्ये आपले प्लेअर थांबवले. सॅमसंगने पुढच्या वर्षी अमेरिकेसाठी नवी मॉडेल काढणार नसल्याचं सांगितलं. गेमचं यंत्र घेणाऱ्यांना एक सांगायला हवं, प्लेस्टेशन ४ ला ४के डिस्क वाचता येत नाही, प्लेस्टेशन ५ वाचतो, तोही डिस्क ड्राइव्ह असलेलाच.

भाड्याचे मार्ग तर त्याहून झपाट्याने मिटले. नेटफ्लिक्सने २९ सप्टेंबर २०२३ ला शेवटची पाकिटं पाठवली. पंचवीस वर्षांत पाच अब्जांहून जास्त डिस्क. ज्यांच्या घरी त्या शेवटच्या डिस्क होत्या, त्यांना परत पाठवू नका म्हणून सांगितलं. अमेरिकेतल्या रेडबॉक्सच्या लाल पेट्या २०२४ मध्ये कंपनीच्या दिवाळखोरीत बंद पडल्या. सिएटलच्या स्केअरक्रो व्हिडिओसारख्या एखाद्या संस्थेने लाखावर पिक्चरचा साठा जपून ठेवला आहे आणि ती आजही डिस्क भाड्याने देते. बाकी राहिल्या त्या सार्वजनिक लायब्रऱ्या. माझ्या यादीतले कितीतरी पिक्चर आज कुठल्याच ॲपवर नाहीत. लायब्ररीच्या फळीवर आहेत, चरे पडलेले, पण आहेत.

तर ती चिठ्ठीवाली डिस्क. नवा ४के प्लेअर मी मागच्या वर्षी घेतला, वहीसारखा पातळ. त्यात लावली. चॅप्टर १४, एक बाई जिना उतरते आहे, तिचा पाय तिसऱ्या पायरीवर असताना चित्राचे चौकोन झाले आणि सगळं थांबलं. चिठ्ठी खरं बोलत होती. मग ब्लू-रे प्लेअर काढला. तो थांबला नाही, पण जिना गाळून थेट पुढच्या दृश्यात गेला.

“तो जुना आहे ना अजून?” बाबा म्हणाले.

एचडी डीव्हीडीवाला. माळ्यावर होता. धूळ पुसली, तारा जोडल्या. सुरू व्हायलाच त्याने जवळजवळ मिनिट घेतलं, पूर्वीसारखंच. चॅप्टर १४. बाई जिन्यावर आली. आतून टक्, टक् असा आवाज यायला लागला, लेझरचं डोकं मागे जाऊन तोच भाग पुन्हा वाचू पाहत होतं. चित्र क्षणभर अडखळलं. माझा हात रिमोटकडे गेला.

“थांब, बंद नको करू. वाचतोय तो,” बाबा म्हणाले.

बाईने चौथ्या पायरीवर पाय ठेवला, मग पाचव्या, आणि ती खाली अंगणात आली. पुढचा सगळा पिक्चर आम्ही न थांबता पाहिला. दुसऱ्या दिवशी डिस्क परत द्यायच्या आधी मी ती मधून कडेकडे पुसली, आणि डबीतल्या चिठ्ठीवर निळ्या अक्षराखाली लिहिलं: ‘जाडजूड जुना प्लेअर असेल तर १४ लावून बघा. मागेपुढे करेल, बंद करू नका. जिन्याचं दृश्य आहे.’